वर्तक सरांचा तांबडा ठिपका

वर्तक सरांना मुलं दिसत नसत, नंबर दिसत. चष्म्याच्या काचा अशा जाड, की त्यांचे डोळे काचेच्या बरणीतल्या आवळ्यांसारखे वाटत. जूनच्या पहिल्या दिवशी ते अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, दारात उभे राहत, हजेरीपट नाकाला लावत आणि गरजत, "सत्तावीस!" सत्तावीस नंबरने उठायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या. गाव, जात, बापाचा धंदा. सर मान डोलावत आणि नावापुढे टाकाने एक ठिपका देत. निळा म्हणजे मार्चात पास. तांबडा म्हणजे नापास. पुस्तकांना कव्हरं घालायच्या आधीच निकाल तयार!

आणि ठिपका खरा ठरायचा. जुन्नरात सरांचा दबदबा होता तो त्यामुळेच. रविवारच्या बाजाराला आलेले बाप पागोटं काखेत धरून त्यांना गाठत. "सर, आमच्या पोराचा रंग कोन्ता म्हनायचा?" सर हळूच म्हणत, "तांबडा." वैद्याने नाडी सोडून मान हलवावी तसं ते ऐकलं जाई. सोमवारी ते पोरगं औतामागे.

सर दुष्ट होते असं मात्र समजू नका. आंबेगावच्या डोंगराकडून अनवाणी येणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या खणात आयोडीनची बाटली असे. गुडघे टेकून ते स्वतः पायाला पट्टी बांधत. "दुखतंय का रे, चौतीस?" आणि त्याच हाताने चौतीसला तांबडा ठिपका. पुण्याला ट्रेनिंगमध्ये ते तक्ते करायला शिकले होते. कोणत्या गावची, कोणत्या जातीची, कोणत्या धंद्याची किती मुलं पास झाली, याचे रंगीत चौकोन त्यांच्या खोलीच्या भिंतीवर लटकत. "मी भविष्य सांगत नाही," ते म्हणत, "मी बेरीज करतो. आकड्याला दया येत नाही, अन् रागही येत नाही."

मी अकरा नंबर. वडील कोर्टात वकील, म्हणून माझा ठिपका निळाशार. सत्तावीस नंबर माझा दोस्त हसन. त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनवणाऱ्यांचं. माझी भूमिती तोच सोडवून द्यायचा, आणि त्यालाच तांबडा! "कागद आमच्या अब्बांनी बनवायचा, ठिपका सरांनी द्यायचा," तो हसून म्हणे. "वाटणी बरोबर आहे की, राव!" पण घरी ठरलं होतं. बोर्डाचा फॉर्म गेला नाही, तर त्याने लगद्याच्या हौदावर उभं राहायचं.

जुलैत शिपायाच्या हातून हजेरीपटावर दौत सांडली. माझं अक्षर वळणदार, म्हणून नवी नक्कल करायचं काम माझ्याकडे आलं. समोर दोन दौती आणि मी एकटा! मी अकराला तांबडा दिला आणि सत्तावीसला निळा. निव्वळ गंमत. आठ दिवसांत सर ओळखतील, मी छड्या खाईन आणि जन्मभर किस्सा सांगत फिरेन, असा माझा हिशेब होता.

सरांनी ओळखलं नाही.

तांबडे नंबर शेवटच्या बाकांवर बसत. मी तिथे गेलो. वही तपासायला दिली, तर मी पानात मुद्दाम ठेवलेलं मोरपीस जागचं हललेलं नसे. हात वर केला, की सरांची नजर त्याच्यावरून पुढे जाई. तिकडे हसन फळ्यापाशी चुकला, की सर म्हणत, "पुन्हा कर, सत्तावीस. तुला येणार आहे." मी चुकलो, की फार मायेने म्हणत, "राहू दे रे, अकरा. बस." छडीला मी कधी भ्यालो नाही, पण ते 'राहू दे' ऐकावं लागू नये म्हणून मी हात वर करणंच सोडलं. दसऱ्यापर्यंत येणारी गणितंही येईनाशी झाली. ठिपका मीच माझ्या हाताने दिलेला, आणि माझाच त्यावर विश्वास बसत चालला!

प्रिलिममध्ये हसन वर आला. मी गणितात नापास. आमच्या शाळेत प्रिलिमला नापास झालेल्याचा बोर्डाचा फॉर्म जात नसे. फॉर्म टपालात पडायच्या आदल्या दिवशी मी सरांच्या खोलीवर धावलो आणि सगळं ओकून टाकलं.

सर ओरडले नाहीत. त्यांनी शाई सांडलेला जुना हजेरीपट काढला. कागद कधी टाकत नसत ते. डागाखाली दोन्ही ठिपके दिसत होते. मग माझा पेपर काढून त्यांनी मार्क तीनदा मोजले.

"चुका तुझ्याच आहेत?"

"हो, सर."

मग ते फळीवरच्या हजेरीपटांकडे वळले. सगळी वर्षं तांबड्या फडक्यात बांधलेली.

"मग बाकीचे?" ते म्हणाले.

मी तर माझ्या फॉर्मसाठी आलो होतो. तो गेला नाही. "नापास आहेस, हे खरं आहे," एवढंच सर म्हणाले. मार्चात हसन पास झाला. जूनमध्ये मी पुन्हा त्याच वर्गात होतो. सरांनी त्या वर्षी ठिपका दिला नाही, आणि पहिला प्रश्न शेवटच्या बाकाला विचारला.

रविवारी मात्र ते मला बाजारात नेऊ लागले. त्यांना चेहरे ओळखू येत नसत, म्हणून डोळे माझे. काखेत मागल्या एखाद्या वर्षाचा हजेरीपट. त्यातल्या तांबड्या ठिपक्यांची माणसं गावावरून विचारत शोधायची आणि सांगायचं, "बाहेरून परीक्षेला बस, मी शिकवतो." कोणी हसत, कोणी गिऱ्हाइकाकडे वळत. एकदा बोरी बुद्रुकचा एकोणीस नंबर सापडला. कांद्याच्या ढिगामागे, मिशा आलेला, मांडीवर लेक. सरांना पाहताच लेकीला खाली ठेवून तो पाया पडला.

"आता कुठं, सर," तो म्हणाला. "तवा घरी लई भांडलो व्हतो. म्हनलं, बसू द्या मला, गणितं येत्यात. पर आबा म्हनलं, मास्तरांनी सांगितलंय. मंग मलाबी वाटलं, तुमास्नी कळतंय ते आपल्याला कळत न्हाई."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि ते त्या कांद्यांवर ओणवे झाले, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन. हजेरीपट काखेत मिटलेलाच राहिला.

"बाळ," त्यांनी विचारलं, "तुझं नाव काय रे?"