तिसऱ्या कॉलमखालचं पेव

डोंगरकडा गावात मुंजाजी गवंड्याला सगळे ‘मागचा मुंजाजी’ म्हणतात. कारण साधं आहे. गेल्या तीस वर्षांत गावातल्या जुन्या दगडी घरांना त्यानं मागून जेवढ्या खोल्या जोडल्या, तेवढ्या दुसऱ्या कुणी जोडल्या नसतील. पुढं निजामाच्या काळच्या फसली सनाचा आकडा कोरलेली चौकट, मागं टाइल्सचं किचन आणि कमोडचं बाथरूम. पुढच्या चौकटीत पाहुणे फोटो काढतात. मागं काय आहे ते घरातल्या बायकांना ठाऊक, आणि मुंजाजीला. स्वतःच्या कामाची बढाई त्यानं कधी मारली नाही, पण एका सवयीपायी गावानं त्याची टिंगल करायची एकही संधी सोडली नाही.

खड्डा कसलाही असो, अगदी संडासाचा शोषखड्डा का असेना, मुंजाजी आधी दोरीला कंदील बांधून आत सोडतो. कंदील जळत राहिला तरच माणूस खाली. “मामा खड्ड्याला ओवाळून राहिले,” असं बिगारी म्हणतात. तो हसतो आणि कंदिलाची काच पुसत बसतो.

ही सवय त्याच्या मायनं, भागूबाईनं लावली. मुंजाजी दोन वर्षांचा होता तेव्हा त्याचा बाप संतराम एका मोठ्या घरचं पेव उपसायला उतरला आणि तिथंच गेला. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार, तोंडाला अरुंद आणि पोटात मोठं. बरेच दिवस बंद राहिलं की आत वाईट हवा धरते. म्हणून आधी दिवा सोडायचा, तो विझला तर उतरायचं नाही, ही जुनी रीत. त्या दिवशी दिवा सोडला नव्हता. भागूबाई वर पोती धरून उभी होती. पहिल्या दोन हाकांना ओ आली नाही, तेव्हा बायांना लगेच घरी पाठवून दिलं आणि दिवस मावळायला प्रेत दारात आलं. एकाच पायात वहाण होती. ती तिनं पन्नास वर्षं फडताळात ठेवली. पेव कुणाच्या घरचं, हे मात्र लेकाला कधी सांगितलं नाही. त्याला त्याच गावात, त्याच घरांची कामं करून पोट भरायचं होतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी तातेरावांच्या घराचं काम निघालं. तातेराव पंच्याहत्तरीचे, पण आवाज अजून खणखणीत. घरही तसंच, एक चिरा हललेला नाही. त्यांचा मुलगा सोमेश्वर नांदेडला इंजिनिअर. त्याला आता बायको वैष्णवीला घेऊन गावी येऊन राहायचं होतं. मागं किचन, बाथरूम आणि भिंतभर काचेची खिडकी, असा त्यानं नकाशा आणला. पुढच्या बाजूला खिळाही ठोकायचा नाही, एवढी एकच अट तातेरावांनी घातली. ते मागच्या दारात खुर्ची टाकून काम बघत बसायचे, पण उंबऱ्याच्या आतच. मागच्या अंगणात त्यांचं पाऊल पडलेलं मुंजाजीला कधी दिसलं नाही.

पहिल्या दिवशी निघताना भागूबाईनं नेहमीसारखं “कंदील घेतला का?” असं विचारलं नाही. तिनं स्वतःच तेल भरून कंदील त्याच्या हातात दिला.

“तातेरावच्या घरी चालला ना?” एवढंच म्हणाली.

चुन्याच्या फक्कीनं रेषा आखल्या. दोन कॉलमचे खड्डे बिनबोभाट झाले. तिसऱ्याला पहार मारली आणि मुंजाजीचा हात थांबला. खालून पोकळ आवाज आला होता. तीन फुटांवर शिळा लागली. ती सरकवली, तर आत काळंभोर तोंड. इतक्या वर्षांचं बंद पेव, त्याला कुबट वास यायला हवा. आला तो आत्ताच मळलेल्या ज्वारीचा.

“इथं पेव न्हवतंच कधी,” तातेराव खुर्चीतून म्हणाले. समोर तोंड दिसत असताना म्हणाले, आणि दुसरीकडं बघत म्हणाले.

मुंजाजीनं कंदील सोडला. पुरुषभर खाली जाताच तो विझला. आधी मंद होऊन नव्हे, कुणी फुंकर घातल्यासारखा एकदम. त्यानं दोरीला त्या जागी गाठ मारली आणि पेव उघडं टाकून दोन दिवस काम थांबवलं. वारा लागला की पेवातली हवा पालटते, हे त्याला पक्कं माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, डोक्यावर लख्ख ऊन असताना, त्यानं पुन्हा कंदील सोडला. गाठ काठावर आली आणि कंदील विझला. पुन्हा पेटवला. पुन्हा गाठीशीच विझला.

सोमेश्वर कंटाळला होता. त्यानं मोबाईलचा टॉर्च लावला आणि फोन दोरीला बांधून तळापर्यंत सोडला.

“हे बघा मामा, विझला का लाईट? तुमी उगंच भिऊन राहिले. मी उतरून माप घेतो, मग काँक्रीट ओतून देऊ.”

मुंजाजीनं वाकून बघितलं. पांढऱ्या उजेडात तळ स्वच्छ दिसत होता. थोडा भुसा आणि मधोमध एक वहाण. टायरचा तळ, टाचेला मोठ्या डोक्याचा खिळा. तिची जोडीदारीण त्यानं लहानपणापासून फडताळात पाहिली होती. घर कोणतं, ते आता कळलं होतं.

सोमेश्वर शिडी सोडून दोन पायऱ्या उतरलासुद्धा. मोबाईलचा दिवा वाईट हवेत विझत नसतो, हे त्याला सांगायला हवं होतं. पण घटकाभर मुंजाजीची जीभ हलली नाही, हातही हलला नाही. तातेरावचं पोरगं, बिनदिव्याचं, त्याच पेवात. हा विचार त्याच्या मनात आला, आणि तो आल्याची लाज त्याला आजही वाटते. मग त्यानं सोमेश्वरचं बखोट धरलं.

“वर या.”

“सोडा हो मामा.”

“वर ये, सोमेश्वर.” तातेराव उंबरा ओलांडून अंगणात आले होते. “संतराम दिवा सोडतो म्हणला होता. मी म्हणलो, दिवसाढवळ्या दिवा काहून पाहिजे? गडबड होती मला. त्याला मी उतरवला.”

सोमेश्वर निमूट वर आला. तातेराव मुंजाजीकडं वळले.

“लगीच गेला बाबा तो. उतरला अन् गेला. तकलीफ झाली न्हाई त्याला.”

मुंजाजीनं कंदील पेटवून पुन्हा सोडला. गाठ काठावर आली, काठ ओलांडून खाली गेली. कंदील जळतच राहिला, थेट तळापर्यंत, ज्योत जराही न हलता. मग त्यानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक सोमेश्वरच्या हातात दिलं आणि तो उतरला.

दुपारी घरी येऊन त्यानं वहाण मायपुढं ठेवली. तातेराव काय बोलले तेही सांगितलं. भागूबाईनं फडताळातली वहाण काढून शेजारी ठेवली. बराच वेळ दोन्ही बघितल्या. मग पेवातली हातात घेऊन तिनं अंगठ्यावरून बोट फिरवलं.

“हिचा अंगठा तुटला व्हता,” ती म्हणाली. “तुटकी वहाण कमरंला खोचून उतरला तो. म्या सोता बघितलं.”

अंगठा बांधलेला होता. पोत्याच्या सुतळीनं, तीन वेढे, गाठ पक्की, टोक दातानं तोडलेलं. असा अंगठा बांधायला माणसाला शुद्धीत असावं लागतं, खाली बसावं लागतं, आणि घाई नसावी लागते.

“लगीच गेला म्हणले का मालक?” भागूबाईनं विचारलं.

मुंजाजीनं मान डोलावली.

“मला घरी जा म्हणले, अन् म्या आले,” ती म्हणाली. “वरून दोर यील म्हणून किती येळ वाट बघितली आसंल रे त्यानं?”