विहीणबाईंसाठी हुकूम

पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यात विचारायचं काय? पण आमची लेक नोकरीसाठी इटलीला गेली, तिथलाच जावई केला, आणि दिवस भरत आल्यावर डॉक्टरांनी तिला विमानात बसायला बंदी घातली. माझा तर पासपोर्टच नव्हता. मग माझ्या पोरीचं बाळंतपण कोण करणार? तर विहीणबाई! त्यांना मराठीचा गंध नाही, आणि लेकीच्या सांगण्यावरून, त्या भर थंडीतही फ्रीजमधलं दही तसंच खातात.

"मला इटालियन शिकव," मी फोनवर म्हटलं.

"सगळी भाषा, आई?"

"सगळी कशाला? मला काय त्यांच्याशी गप्पा मारायच्यात? हुकूम सोडण्यापुरती शिकव."

हसता हसता तिची पुरेवाट झाली. पण मग रोज ती दोन-तीन हुकूम आवाजात रेकॉर्ड करून पाठवायची आणि मी खर्डीच्या आमच्या ओटीवर तांदूळ पाखडता पाखडता घोकायची. खा म्हणजे मान्जा, थांब म्हणजे आस्पेत्ता. पण ही सलगी झाली. विहीणबाईंना मानानेच बोलायला हवं, तेव्हा शेवटचा आ जाऊन ई येतो: मान्जी, आस्पेत्ती. आपल्या 'ये'चं 'या' होतं तसंच. हे जरा डोक्यात बसतंय तोवर 'घे' आलं. सलगीचं प्रेन्दी आणि मानाचं प्रेन्दा! म्हणजे सगळं उलटंच की! "मेल्यांना दुसरा उद्योग नव्हता काय गो?" मी फोनवर ओरडलेच.

सराव घरातच केला. कोंबड्या पुष्कळ, म्हणून त्यांना वेनीते, म्हणजे सगळ्या या. दाणे दिसले की यायच्या बिचाऱ्या. आमच्या ह्यांना मात्र मी सलगीने म्हणायचे, पोर्ता लाक्वा, पाणी आण! मराठीत त्यांना अरेतुरे करायची तीस वर्षांत माझी छाती झाली नव्हती. अंगठ्याने पिण्याची खूण केली की तांब्या यायचा.

"शिव्या तर नाय ना देत मला?" ते विचारायचे. मी नुसती हसायचे. काय मजेचे दिवस होते ते!

नात झाली. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल लागला. आमच्याकडे पाच वाजले होते, तिकडे जेवणाची वेळ. अकरा हुकूम लिहिलेला कागद मी मांडीवर घेऊन बसले होते. जीव नुसता टांगणीला लागलेला.

"स्काल्दी लोल्यो!" मी दरडावून सुरुवात केली. तेल गरम करा.

विहीणबाईंनी वाफ येणारी वाटी दाखवली. "फात्तो."

"झालं म्हणतायत," लेक म्हणाली.

"कोप्रा ला तेस्ता!" डोकं झाका.

कॅमेरा नातीकडे वळला. कानांवरून ओढलेली लोकरीची टोपी, आणि टोपीखाली एवढंसं लाल नाक. "फात्तो."

थंड काही देऊ नका म्हणायला मी तोंड उघडणार, तोच त्यांनी कोंबडीचं गरमागरम सूप लेकीच्या हातात ठेवलं. एकेक करत अकराही हुकूम असे आधीच झालेले निघाले, माझा कागदच संपला! खोटं कशाला सांगू, मला जरा रागच आला. एवढं घोकलं ते वाया?

मग नीट बघितलं. विहीणबाईंचे केस विस्कटलेले, स्वेटर उलटा घातलेला. एक हात कमरेवर ठेवून त्या भिंतीला टेकल्या होत्या. कॉल लागल्यापासून त्या बसल्याच नव्हत्या.

"ह्या जेवल्या का गो?" मी विचारलं.

लेकीने हातातलं सूप खाली ठेवलं. "मी विचारलंच नाय, आई."

मी कागद बाजूला टाकला. "सी सिएदा," मी म्हटलं. बसा.

त्यांनी मान हलवली, नको नको केलं. आमच्याकडे पंगतीत असं कोणी नको म्हटलं की काय करतात ते मला चांगलं ठाऊक आहे. "सी सिएदा!" माझा आवाज चढला. "मान्जी!"

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. जावयाने त्यांना सुपाची वाटी आणून दिली. त्या एकेक घोट घेत होत्या आणि मी इकडून मान्जी, मान्जी म्हणत होते. खर्डीच्या ओटीवर माझे डोळे वाहत होते आणि तिकडे त्यांचे.

मग त्यांनी रिकामी वाटी कॅमेऱ्यासमोर धरली.

"फात्तो," त्या म्हणाल्या.