खंडेनवमीचं पिस्तूल

माझ्या दिरांनी आजवर ज्याची चौकशी केली नाही अशी वस्तू आयर्लंडमधल्या अख्ख्या कॉर्क परगण्यात फारशी उरली नसेल. दीर म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ. मी त्यांना भावोजी म्हणते. रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात त्यांचं कामच ते आहे. काही बिघडलं की का बिघडलं ते शोधायचं आणि त्यावर अहवाल लिहायचा. पगार कारखाना देतो, पण लाभ आम्हा सगळ्यांना होतो. एकदा माझ्या इडल्या दगड झाल्या. दुसरा कोणी असता तर चटणीबरोबर मुकाट्याने गिळून घरी गेला असता. यांनी माझ्या हॉट प्रेसमध्ये थर्मामीटर टांगला. हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपाट असतं ते. मी पीठ आंबायला तिथेच ठेवते. दोन दिवस माझ्याकडून तासातासाला आकडे घेतले आणि मग फोन करून गंभीर आवाजात म्हणाले, "हे बघा, दोष तुमचा नाही. कपाटाचं दार नीट लागत नाही." लग्नाला वीस वर्षं झाली, पण सासरच्या माणसाने मला निर्दोष सोडल्याची ती पहिली वेळ.

असल्या माणसाला छंद तरी गप्प बसणारा असावा की नाही? भावोजी पिस्तूल चालवतात. कागदी चकत्यांवर, क्लबात, अगदी रीतसर. परवाना फार जुना आहे, आता नव्या माणसाला तसलं पिस्तूल सहजी मिळत नाही, आणि घरातली त्याची तिजोरी जाऊबाईंच्या पैठण्यांच्या मागे भिंतीत ठोकलेली आहे. कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, एवढं आमच्या मराठी मंडळातल्या कोणालाही आता झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, कारण गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत भावोजी दरवर्षी तोच विषय काढतात. "बावीस म्हणजे पोहे. हलके, स्वस्त, रोज चालतात. नऊ मिलिमीटर म्हणजे वरणभात, माणूस त्यावर जन्म काढू शकतो. पंचेचाळीस म्हणजे पुरणपोळी. दोन झाल्या की मनगटच म्हणतं, पुरे." लेटरकेनीहून आलेल्या एका डॉक्टरांनी चांगुलपणाने विचारलं, "आणि अडतीस?" बिचाऱ्यांना परतीची पाच तासांची गाडी हाकायची होती. अडतीसवर पाऊण तास गेला.

भावोजी स्वतः वरणभातवाले. त्यांची काडतुसं बाजारातली नसत, डोनलच्या हातची असत. डोनल हा क्लबातला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, आयुष्यभर सुतारकाम केलेला. काडतुसं हाताने भरायचं काम इथे घरी करता येत नाही. आमच्या क्लबात त्यासाठी परवान्याची एक खोली आहे आणि तिची चावी बावीस वर्षं डोनलच्या पट्ट्याला होती. रिकामी पितळी नळी घ्यायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. भावोजी त्याच्या हाताकडे असे बघत बसायचे जसे आपण गवयाकडे बघतो. डोनलची बायको गेली होती, मुलगा कॅनडात. त्या खोलीवाचून त्याला दुसरं घर नव्हतं म्हटलं तरी चालेल.

आणि मग त्या हिवाळ्यात भावोजींचं पिस्तूल अडखळायला लागलं. चाप ओढला की नुसतं खट्. पिस्तूल समोर धरून अर्धा मिनिट थांबायचं, न उडालेलं काडतूस बाजूला काढायचं, पुन्हा नेम धरायचा. दहातली तीन तशीच जायची. स्पर्धेत शेवटून दुसरे आले. आता आमचे भावोजी गप्प बसणार होय? एकतीस पानी अहवाल लिहिला. अकरा संशयित, दारूपासून आयरिश दमट हवेपर्यंत एकेकाची झडती. निष्कर्ष असा, की टोप्या पुरेशा आत बसलेल्या नाहीत. अहवालात त्यांनी कोणाचं नाव घातलं नाही, पण टोप्या कोण बसवतं हे क्लबातल्या मांजरालाही ठाऊक होतं. कमिटीने अहवाल वाचला, वयाबद्दल हळहळ व्यक्त केली आणि डोनलकडून चावी काढून घेतली. तो एवढंच म्हणाला, "यू नो बेस्ट, लॅड्स." त्यानंतर तो क्लबात फिरकलाच नाही.

मी भावोजींना तेव्हा चांगलंच झापलं होतं. "तुमचा अहवाल बरोबर असेल हो, पण त्या म्हाताऱ्याने आता दिवसभर करायचं काय?" ती गोष्ट त्यांना लागली असावी, कारण पुढच्या आठवड्यात डोनलची उरलेली चाळीस काडतुसं त्यांनी क्लबातल्या एका शिक्षिकाबाईंना दिली आणि बाईंच्या स्वतःच्या पिस्तुलातून उडवून बघायला सांगितलं. चाळीसच्या चाळीस उडाली.

तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा दिवस होता. आम्ही आठ-दहा बायका जाऊबाईंच्या दिवाणखान्यात तिळगूळ खात बसलो होतो आणि भावोजी माडीवर पिस्तूल खोलत होते. तासाभराने ते खाली आले, हातात पांढरा टिश्यू. टोपीवर ठोका मारणारी जी बारीक सुई असते, तिच्या बोळातून निघालेला तेलकट लाल चिखल त्यावर होता, आणि त्यात तांदळाचा एक तुकडा. जाऊबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, हे आपलं कुंकू. कोल्हापूरचं."

खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची आपली रीत. भावोजींनी त्या वर्षी पहिल्यांदाच पिस्तूल पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं, अक्षता टाकल्या होत्या, आणि मग प्रेमाने वरून तेल दिलं होतं. सुई त्या चिखलात रुतायची आणि ठोका हलका पडायचा. अकरा संशयितांत पूजा नव्हती. पूजा झालेल्या हत्यारावर संशय घ्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

त्यांची लेक इथेच वाढलेली, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र कॉर्कच्या सुरात इंग्रजीत. ती म्हणाली, "जस्ट क्लीन इट, बाबा. हू'ड नो?"

"मला माहीत झालंय ना," भावोजी म्हणाले, आणि तसेच न जेवता लिहायला बसले.

दुसरा अहवाल दीड पानांचा होता. तो त्यांनी कमिटीपुढे उभं राहून वाचला, आणि डोनलला स्वतः गाडीतून आणून पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. मी आणि जाऊबाई मागे उभ्या होतो. मूळ कारण: मी. उपाय: यापुढे पिस्तूल पेटीत बंद ठेवून पूजा. टिश्यू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळ्यांना दाखवला. लोक हसले, पोटभर हसले, आणि भावोजी टाय लावून, कान लाल करून, हसू संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "चावी यांची आहे. माझ्यामुळे गेली होती." माझ्या सासरच्या माणसाचा मला एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि हे मी कोणालाही तोंडावर सांगेन.

डोनलने चावी पट्ट्याला अडकवली आणि म्हणाला, "यू'र ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, असू दे, काही बिघडलं नाही. पुढच्या खंडेनवमीला तो काडतुसं भरायचं आपलं लोखंडी यंत्र दुपट्यातल्या बाळासारखं टॉवेलात गुंडाळून भावोजींच्या दारात हजर. थोडं ते लाल याला पण लावा, म्हणाला, पण बाहेरूनच.

त्यानंतर दोन वर्षांनी त्याची नजर खरोखरच अधू झाली. या खेपेला चावी कोणी मागितली नव्हती. त्याने आपणहून पट्ट्याची चावी सोडली आणि भावोजींच्या तळहातावर ठेवली. डोनल आता नाही. खंडेनवमीला पाटावर पिस्तुलाची बंद पेटी असते आणि तिच्यापुढे ती चावी. कुंकू लावून झालं की भावोजी ती उचलतात, रुमालाने दात न् दात पुसतात, आणि क्लबात जाऊन एकदा कुलूप उघडून बघतात.