ओरिजिनल लोखंड

कळंबोलीला माझं लेथचं वर्कशॉप आहे. तिथे दर रविवारी खांदेश्वरहून एक साहेब यायचा. नाव मी कधी विचारलं नाही, पण त्याच्या जुन्या गाडीच्या पोटातलं सगळं मला पाठ होतं. तिच्यावर त्याला ड्रॅग रेस, म्हणजे सरळ रस्त्यावरची वेगाची शर्यत, जिंकायची होती, म्हणून तिचं वजन उतरवणं चाललेलं. शेजारच्या गॅरेजात गाडी उघडायची आणि हा कधी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, कधी शाफ्ट फडक्यात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून लेथवर घासून हलका करायला माझ्याकडे आणायचा.

"मास्टर, फिरणारं वजन जास्त नडतं," असं तो मला, तीस वर्षं लोखंड फिरवणाऱ्याला, बोट नाचवत समजवायचा. काम झालं की उकिडवा बसून खाली पडलेला लोखंडाचा कीस ब्रशने गोळा करायचा आणि पिशवीत भरून न्यायचा. मला वाटायचं, भंगारात देत असेल.

परवा रेस हरून गाडीसकट थेट माझ्या दारात आला.

"फ्लायव्हील अजून घासा."

"साहेब, आता घासलं तर पायाखाली फुटेल. पाय जाईल."

"जाऊ दे. रिस्क माझी."

पाना काढायला त्याने डिकी उघडली. आत माझ्याच लेथवरचा सगळा कीस, पिशव्यांवर पिशव्या, प्रत्येकीवर तारीख.

"हे घेऊन रेसला गेलात?"

"मग काय फेकू? कंपनीचं ओरिजिनल लोखंड आहे, मास्टर! आता मिळतं कुठे?"

मी मशीन बंद केलं. पाय द्यायला तयार असलेला हा माणूस कीस मात्र द्यायला तयार नव्हता.