चंद्रावरच्या खोलीतली समई

दुपारी बाराच्या सुमारास डब्यातले दाणे पार वरपर्यंत जांभळे झाले. ते संध्याकाळपर्यंत पांढरे राहायला हवे होते.

हे दाणे म्हणजे सोडा लाइम. मी भूल देणारा डॉक्टर. अकोल्याला माझं काम चालायचं. ऑपरेशनच्या वेळी रोगी जी हवा बाहेर सोडतो, तिच्यात कार्बन डायऑक्साइड असतो. ती हवा या दाण्यांतून फिरवली की दाणे तो गिळून टाकतात आणि हवा पुन्हा श्वासाला देता येते. पोट भरलं की दाण्यांचा रंग बदलतो. जांभळा झाला की समजायचं, आता डबा बदला. एरवी हा रंग मी टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून पाहत असे. त्या दिवशी अमरावतीच्या एका कॉलेजच्या आवारात, मांडवाखाली उभा राहून पाहत होतो.

रशियाचा माणूस पृथ्वीला फेरी मारून आला होता आणि पोरांना दुसरं काही सुचत नव्हतं. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात प्राचार्यांनी 'चंद्रावरची खोली' बांधायची ठरवली. लाकडाची खोली, आतून पत्रा, सांध्यांना डांबर, दाराला काचेची एक लहान खिडकी. आत एक माणूस सकाळी जाणार आणि संध्याकाळी पाच वाजता कलेक्टरसाहेबांच्या हस्ते बाहेर येणार. चंद्रावर हवा नाही, तरी माणूस राहू शकतो, हे लोकांना दाखवायचं. माझ्या शिकत्या वयातले एक मित्र त्या कॉलेजात शिकवत होते. त्यांनी माझं नाव सुचवलं. भूल देणाऱ्याला एरवी कोणी विचारत नाही. रोगी बरा झाला की पेढे सर्जनला जातात आणि आमचं नावही कुणाला माहीत नसतं. त्यामुळे मी आनंदानं हो म्हणालो.

व्यवस्था साधी होती. एका पाइपातून पंखा खोलीतली हवा ओढणार, बाहेरच्या डब्यातल्या सोडा लाइममधून नेणार आणि दुसऱ्या पाइपानं परत आत सोडणार. ऑक्सिजनचा सिलिंडर बाहेर, त्याची बारीक नळी आत. एक माणूस दिवसभरात किती हवा खातो, ते मी कागदावर मांडलं होतं आणि वर थोडी सूटही ठेवली होती.

आत बसले होते इंगोले मास्तर, कॉलेजचे कवायत शिकवणारे. छाती अशी की सदऱ्याची बटणं लावताना त्रास व्हायचा. श्वास रोखून धरण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे आणि ते ही गोष्ट समोरच्याला विसरू देत नसत.

मी डबा बदलला. नवे पांढरे दाणे टाकले. थोड्याच वेळात तेही खालून जांभळे होऊ लागले. एका माणसाच्या श्वासानं असं होत नाही. एन.सी.सी.च्या फील्ड टेलिफोनचा एक संच आत ठेवला होता. त्यावर मास्तरांना गाठलं.

"मास्तर, कसं वाटतं?"

"मस्त."

"डोकं दुखतं का?"

"थोडंसंक जड हाय. ते मी सकाळी च्या नाई पेलो म्हणून."

मी काचेतून पाहिलं. खाटेवर बसलेले मास्तर नेहमीपेक्षा दुप्पट वेगानं श्वास घेत होते. कपाळावर घाम होता. कार्बन डायऑक्साइड वाढला की हेच होतं. आधी डोकं जड, मग धाप, मग माणूस बरळायला लागतो, आणि शेवटी बरळायचंही बंद होतं. मास्तरांना यातलं काही सांगून उपयोग नव्हता. त्यांना धाप लागणं हाच अपमान वाटला असता.

प्राचार्य मांडवातल्या सतरंज्या सरळ करून घेत होते. पुण्याचे गृहस्थ, बोलणं मोजकं. मी म्हणालो, "दार उघडावं लागेल असं दिसतं."

"सोडा लाइम जुनं असेल आपलं."

"कालच सील फोडलं."

"डॉक्टर, पाचला कलेक्टर येताहेत. दार उघडलं की प्रयोग संपला. काय बिघडलंय ते शोधा ना."

मला राग आला, पण म्हणणं चुकीचं नव्हतं. कारण न कळता दार उघडणं म्हणजे रोग न ओळखता पोट फाडणं. पुन्हा फोन उचलला.

"मास्तर, आत तुमच्याशिवाय कोण आहे?"

"कोणीच नाई. मी अन् देवी."

"कोणती देवी?"

"घरची. मायनं टाक आणून ठेवला न सकाळी. म्हणे एकटाच कसा राहशीन. समोर समई लावून देल्ली."

"समई कुठे आहे? मला दिसत नाही."

"दाराच्या कोपऱ्यात. पंख्याच्या वाऱ्यानं फडफडे, म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा आडवा लावला. तिथं तुमची नळी हाय न, तिच्याजोळ लई छान जळते. पाचही वाती अशा तेजीत हायेत, की माय पायन तं खूश होईन."

ऑपरेशनच्या खोलीत आम्ही काडी ओढू देत नाही. ऑक्सिजनजवळ ज्योत म्हणजे काय, हे एकदा पाहिलेला माणूस आयुष्यभर विसरत नाही. मी धावत जाऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला. मग सगळं ध्यानात आलं. एक वात जवळजवळ एका माणसाएवढी हवा खाते. सकाळपासून मी एका माणसाची हवा पुरवत होतो आणि आत सहा जण राहत होते.

"मास्तर, समई आत्ताच्या आत्ता विझवा."

"नाई."

"काय नाही?"

"मी बाहीर येईलोक दिवा जायला नाई पायजे, असं माय म्हणाली. तिची आण हाय."

"अहो, तो दिवा तुमची हवा खातोय. आग लागेल."

"मले काई होऊन नाई राहिलं, डॉक्टरसाहेब. तुमी घाबरून काहून राहिले?" एवढं बोलताना मास्तर दोनदा थांबले.

त्यांच्या आई मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. चांदूर रेल्वे गावाच्या बाजूच्या, सकाळच्या गाडीनं आलेल्या. प्राचार्य आणि मी दोघंही गेलो. प्राचार्यांनी प्राणवायू वगैरे शब्द काढले, तशी त्या माझ्याकडे पाहू लागल्या.

मी म्हणालो, "माय, खोली बंद आहे. आत मोजकाच वारा आहे. समई तो पिऊन टाकते आणि मास्तरांना कमी पडतो. त्यांना धाप लागली आहे."

"त्यानं सांगतलं?"

"ते कशाला सांगतील?"

"हो, थो नाई सांगणार." त्यांनी बंद दाराकडे बोट दाखवलं. "तुमी माह्या पोराले पेटीत कोंडलं. कोणी संग नाई, आभाय दिसत नाई. म्हणून म्या दिवा लावला."

प्राचार्य हळूच म्हणाले, "तुम्ही फोनवर सांगितलंत की तो विझवेल."

"म्या सांगन, अन् थो विझवन. मंग त्याले आतमधी अंधारच दिसन, कितीबी बलप लावा." त्या उठल्या. "दार उघडा. पोट्टा अन् दिवा दोनी बाहीर आणा."

"पाच वाजता कलेक्टर..."

"त्याले बसवा मंग आतमधी."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणालो, "उघडा." सोडा लाइमचा शेवटचा डबा संपला होता आणि सिलिंडर मी पुन्हा उघडणार नव्हतो. त्यांनीच शिपायाला हाक मारली. दाराचं डांबर खरवडायला वेळ लागला. तो वेळ मला फार जड गेला. मी टेलिफोनची घंटा वाजवत होतो, पण आत मास्तर फोन उचलत नव्हते.

दार उघडलं. मास्तर एका हातात टाक आणि दुसऱ्या हातात जळती समई घेऊन बाहेर आले, चार पावलं ताठ चालले, समई आईच्या पुढ्यात ठेवली आणि तिथेच खाली बसून ओकले. मी नाडी धरली. उघड्या हवेत श्वास हळूहळू खाली आला. मला इतकं हायसं वाटलं की मीही त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसलो. मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी घाई केली. मी पाच वाजेलोक सहज राहिलो असतो." त्यांच्या आईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि सगळ्यांदेखत पाठीत एक धपाटा घातला.

कलेक्टरसाहेबांनी रिकामी खोली पाहिली. प्राचार्यांनी त्यांना खरं तेच सांगितलं, याबद्दल मला अजूनही त्यांचा आदर वाटतो. मास्तर मात्र पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

नंतर खरंच माणूस चंद्रावर जाऊन आला. तिथे वस्ती कधी होईल, असं मला कोणी विचारलं, तर मी यंत्रांची चिंता करू नका म्हणतो. यंत्रं होतील. खोलीचा हिशेब मांडताना फक्त एवढं धरून चाला, की जाणारा माणूस एकटा निघाला असला तरी त्याची आई त्याला एकटं पाठवणार नाही.