बोंबलाचा पुडा आणि 'बदल करा'चं बटण

सातपाटीच्या बंदराजवळच्या एका छोट्या मच्छीमार सोसायटीत जयवंती घाटाळ कॉम्प्युटर सांभाळते. कोणी पाहुणा आला की सेक्रेटरी कमलाकांत खुर्चीतूनच ओळख करून द्यायचे, "ही मनोरकडची पोर. कॉम्प्युटर बघते." इतकी वर्षं झाली, पण नावाने ओळख कधी नाही. जयवंतीला ते टोचायचं. डोंगरातलं माणूस किनाऱ्यावरच्या ऑफिसात फारसं तोंड उघडत नाही, म्हणून ती गप्प बसायची, एवढंच.

तिचे आईबाप जिव्या आणि बायडी. मनोरच्या पलीकडे त्यांचा उताराचा तुकडा आहे. भात निघालं की दोघं वीटभट्टीवर जायची आणि पोरगी आश्रमशाळेत राहायची. शाळेत कॉम्प्युटरची खोली होती आणि खोलीला कायम कुलूप होतं, कारण म्हणे पोरं बिघडवतील. जयवंतीने खिडकीच्या गजाला नाक लावून ते झाकलेले कॉम्प्युटर पाहिले. कॉम्प्युटरला हात लागला तो थेट पालघरच्या क्लासात. तेव्हापासून 'बिघडेल म्हणून बंद' हे शब्द कानावर आले की तिचं डोकं फिरतं.

आणि नशीब बघा, सोसायटीत तिच्या वाट्याला आला तो सभासदांच्या नोंदींचा बंद फॉर्मच. त्याला कारणही तसंच झालं होतं. इथल्या बायका ऑफिसात रिकाम्या हाताने येत नाहीत. सुक्या बोंबलांचा पुडा आणायचा आणि टेबलावर ठेवायचा, मग कामाचं बोलायचं. टेबल एवढंसं, त्यातलं अर्धं कीबोर्डने अडवलेलं. जयवंती नवी असताना साखरबाई नावाच्या एका नाखव्याच्या, म्हणजे बोटमालकाच्या, बायकोने भला मोठा पुडा आणला आणि मायेने नेमका कीबोर्डवर टेकवला. पडद्यावर एका सभासदाची नोंद उघडी होती. त्याच्या बोटीचं नाव गेलं आणि तिथे 'ररररर' आलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या 'ररररर' नावाने डिझेलची चिठ्ठी छापली गेली आणि पंपावर भांडण जुंपलं.

प्रोग्रॅम बनवणारा मेहुल बोईसरहून आला, हसून हसून बेजार झाला आणि त्याने फॉर्मला कुलूप घातलं. नवी नोंद घालता येईल, जुनी फक्त वाचता येईल. काही बदलायचं झालं तर मेहुललाच बोलवायचं. पुढे मेहुल दूरच्या नोकरीवर गेला आणि फोन उचलेनासा झाला.

यंदाच्या उन्हाळ्यात साखरबाईचा नवरा वारला. बोट साखरबाईच्या नावावर झाली, सोसायटीच्या सभेतही मंजुरी मिळाली. फक्त कॉम्प्युटरला ते कळवायचं कसं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. चिठ्ठीवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर पंपावर डिझेल मिळत नाही. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला आठवडा राहिला होता. इतर बोटींना रंग चढत होता आणि साखरबाई रोज ऑफिसच्या पायरीवर येऊन बसत होती.

"नवीन नोंद घाल ना," कमलाकांत म्हणाले.

"मग त्यांचा जुना सभासद नंबर जाईल, काका. बोट डिझेलच्या यादीत शेवटी पडेल."

"नको गो बाय," साखरबाई पायरीवरूनच म्हणाली. "त्यो नंबर माज्या सासऱ्यापासून हाय. दर्यावर जाताना आमची बोट कधी मागं राहिली नाय. आता माज्या हातात आली नि मागं राहील?"

जयवंती म्हणाली, "मी बटण बसवते."

"चाललंय ते बिघडवू नको," कमलाकांत म्हणाले. झालं, तिचं डोकं फिरलं.

तिने आधी सगळ्या फाईलची कॉपी काढली आणि त्या कॉपीवर हात चालवला. मोबाईलवर हिंदीतून शिकवणारे व्हिडिओ बघ, थांबव, करून बघ, पुसून टाक, असं दोन दिवस चाललं. शेवटी फॉर्मच्या कोपऱ्यात 'बदल करा' असं बटण उगवलं. दाबलं, तर नोंद खुली झाली. तिला नाचावंसं वाटलं. मग तिने पुढच्या सभासदाची नोंद उघडली, तर तीही खुली, त्यापुढचीही खुली. एकदा काढलेलं कुलूप परत लागतच नव्हतं.

आता परीक्षा घ्यायची तर खरीच, असं म्हणून तिने कपाटातला बोंबलाचा पुडा काढला आणि कीबोर्डवर ठेवला. आली की 'ररररर'ची रांग! मग तिने एका नोंदीवरून दुसरीवर गेलं की कुलूप आपोआप लागेल अशी तजवीज केली. जपून ठेवण्याआधी 'नक्की बदलू का?' असा प्रश्नही घातला. पुन्हा पुडा ठेवला. पुड्याचं टोक एंटरच्या कळीवर पडलं आणि पुड्याने 'होय' म्हणून टाकलं. जयवंतीने कपाळावर हात मारला. शेवटी तिने अशी व्यवस्था केली, की एंटर दाबलं तर उत्तर 'नाही'च जाईल. 'होय' म्हणायला माणसाला माऊस हातात घ्यावा लागेल. बोंबलाला माऊस धरता येत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिने ते सगळं खऱ्या फाईलवर चढवलं.

बंदी उठायच्या आदल्या दिवशी ऑफिस माणसांनी भरलं होतं. साखरबाई पुडा पोटाशी धरून आली. टेबलाजवळ आल्यावर मागची आठवण होऊन बिचकली.

"ठेवा, मावशी," जयवंती म्हणाली. "कीबोर्डवरच ठेवा."

"अगो ए!" कमलाकांत खुर्चीतून उठलेच.

साखरबाईने जीव मुठीत धरून पुडा टेकवला. सगळे पडद्याकडे बघत राहिले. पडदा जागचा हलला नाही, एकही अक्षर उमटलं नाही. मग जयवंतीने पुडा बाजूला केला, 'बदल करा' दाबलं, मालकाच्या जागी साखरबाईचं नाव घातलं आणि माऊसने 'होय' म्हटलं. नंबर तोच, जुना. प्रिंटरमधून चिठ्ठी आली. साखरबाईने ती हातात घेतली, एक एक अक्षर लावत स्वतःचं नाव वाचलं आणि पदराने डोळे टिपले.

"कुलूप कोनी काढलं? त्यो मेहुल आलता का?"

कमलाकांतांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मेहुल नाय," ते सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आपली जयवंती हाय ना, जयवंती घाटाळ, तिनं केलं."

दुसऱ्या दिवशी साखरबाईची बोट पहिल्या बोटींबरोबर समुद्रावर गेली. संध्याकाळी सुट्टीला घरी निघालेली जयवंती मनोरच्या एसटीत बोंबलाचा पुडा मांडीवर घेऊन बसली होती, आणि घरी गेल्या गेल्या आईला सांगायचं पहिलं वाक्य तिने वाटेतच ठरवून ठेवलं होतं: "आये, काल साहेबानं माजं पुरं नाव घेतलं."