दादाच्या नावापुढे ‘शांत’

म्हाताऱ्यांच्या त्या शुश्रूषागृहात ती आयाचं काम करायची, सगळे तिला ताई म्हणत. ती मात्र एकाच म्हाताऱ्याला दादा म्हणायची, कारण तो तिचा सख्खा भाऊ होता. जन्मभर खाटकाचा धंदा केलेला माणूस. तरुणपणी तिचा नवरा तिला बडवायचा, तेव्हा याच दादाने भर रस्त्यात त्याचे दात घशात घालून तिला माहेरी आणलं होतं. आता त्याचं डोकं गेलं होतं, हात तेवढे शाबूत होते. अंघोळ घालताना तो तिला ओळखायचाच नाही. ओरबाडायचा, केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटायचा.

पूर्वी पाळी बदलताना बायका एकमेकींना सांगायच्या, "आज पिसाळलाय, जपून गं." मग नोंदी करायला पडद्याचे टॅबलेट आले. रोज प्रत्येकाच्या नावापुढे बोट टेकवायचं: शांत, चिडचिडा, मारतो. ‘मारतो’ म्हटलं की रवानगी कुलूपबंद विभागात, हातपाय खाटेला बांधून. तिथली फरशी ताईने पुसली होती, मनगटांवरचे वळ पाहिले होते. मग काय, ओठ फुटला तरी ‘शांत’, बरगडीत लाथ बसली तरी ‘शांत’! "दादाचं सगळं मीच करते," असं सांगून तिने बाकीच्या बायकांना त्याच्या खाटेपासून लांब ठेवलं.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? डॉक्टरीणबाईंनी आपल्या पडद्यावर महिनाभर ‘शांत’ वाचलं आणि खूश होऊन दादाची डोकं थंड ठेवणारी गोळी बंद केली. त्यांचं तरी काय चुकलं?

एका दुपारी ताईची पाठ वळली आणि दादाने शेजारच्या खाटेवरच्या शिंप्याचा गळा आवळला. शिंप्याचे डोळे पांढरे झाले. ताई मध्ये पडली. दादाने तिची बोटं उलटी वाकवली, कडकन हाड मोडलं. मग पाण्याच्या तांब्याने तो तिच्या तोंडावर घाव घालत राहिला, खाली मान घालून, धंद्यावर असल्यासारखा. तिघांनी मिळून त्याला आवरलं. शिंपी वाचला, पण त्याचा आवाज गेला तो गेलाच.

धावत आलेल्या मेट्रनबाईंनी तिथेच टॅबलेट ताईपुढे धरला. "कोणी मारलं, ते आता तूच लिही."

तेवढ्यात दादाने तिच्याकडे नीट पाहिलं. कित्येक महिन्यांनी त्याने तिला ओळखलं, आणि त्याचे डोळे पेटले.

"चिमणे, कोणी मारलं गं तुला? नाव सांग फक्त. जिवंत सोडत नाही त्याला."

ताईला हुंदका आवरेना. मोडका हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या हाताने एकेक अक्षर शोधत, तिने दादाचं नाव लिहिलं.